प्रेमलाताई आणि घरचा माल

प्रेमला उमाठे या बाईंना फसवणं सोपं नव्हतं, आणि ही गोष्ट त्या स्वतःच सगळ्यांना सांगत असत. भाजीवाल्याने वांगी पुढे केली की त्या देठ उलटून बघायच्या. दूध आलं की नखावर थेंब धरून तो कसा ओघळतो ते पाहायच्या. लाल तिखट घरात आलं की चिमूटभर पाण्यात टाकून, तळाशी विटेची पूड बसते का, यासाठी पेला डोळ्यांसमोर धरून दहा मिनिटं बसायच्या. मुलाने, विशालने, एका दिवाळीला पहिल्या पगारातून आईसाठी रेशमी साडी आणली, तर बाईंनी पदराच्या कडेचा एक धागा ओढला आणि काडेपेटी शोधू लागल्या. खरं रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो म्हणे. वास आला, साडी खरी निघाली, बाई आनंदाने नेसल्या. विशाल मात्र त्या दिवशी जेवला नाही.

अशा बाईला जगात एकच नोकरी शोभली असती आणि नेमकी तीच मिळाली होती. रायपूरच्या भनपुरीत मालट्रकांच्या रांगा जिथे संपतात तिथल्या आतल्या गल्लीत यशवंतराव देशकरांचं छोटं वर्कशॉप आहे. चौदा माणसं काम करतात. कारखान्यांतल्या क्रेनच्या ब्रेकसाठी तिथे इलेक्ट्रॉनिक कार्डं बनतात. तळहाताएवढी हिरवी पाटी, तिच्यावर साठ-सत्तर बारीक सुटे भाग. पण जवळच्या सिलतऱ्याच्या कुठल्याही लोखंडाच्या मिलमध्ये पाच टन लोखंड माणसांच्या डोक्यावरून सरकतं, ते आपल्या जागी थांबायचं की नाही हे त्या पाटीवर ठरतं. बाहेरून येणारा प्रत्येक सुटा भाग तपासायचा आणि मगच आत सोडायचा, हे प्रेमलाताईंचं काम. एकोणीस वर्षं त्या ते करत होत्या.

सुरुवातीला त्या फक्त डाग द्यायच्या, म्हणजे सोल्डरिंग करायच्या. हरिदास नावाचे एक म्हातारे इंजिनिअर तेव्हा तिथे होते. त्यांनी या बाईची नजर ओळखली आणि तपासणीच्या टेबलाशी बसवलं. बाजारात किती खोटं चालतं हे त्यांनीच दाखवलं. भंगारातल्या जुन्या पाट्या तापवून लोक त्यांचे भाग काढून घेतात. ते घासतात, त्यांच्यावर काळा रंग मारतात, नवा नंबर छापतात आणि नव्या पुड्यात भरून विकतात. कधी आतला भाग हलका असतो आणि वर भारी कंपनीचं नाव असतं. बाईंनी हे ऐकलं आणि त्यांना जणू आयुष्याचं ध्येय सापडलं. भिंगाखाली पाय बघायचे, आधी कुठे बसवल्याच्या खुणा आहेत का. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस पाठीवरून फिरवायचा, काळं सुटलं तर माल रंगवलेला. मीटर लावायचा. आणि प्रत्येक खेपेतला एक नग पकडीने फोडून त्याचं पोट बघायचं, कारण नाव कितीही मोठं छापलं तरी पोटातली सिलिकॉनची चकती लहानाची मोठी होत नाही. हे सगळं झालं की पत्रकावर खाली सही, ‘प्रे. उमाठे’. त्या सहीला वर्कशॉपात मान होता. मिलचे लोकसुद्धा विचारायचे, उमाठे मॅडमने देखा है ना?

वर्कशॉपात त्यांचा संशय सगळ्यांवर सारखा होता असं मात्र नाही. त्यातला सिंहाचा वाटा शंकर यदुच्या वाट्याला आला होता. शंकर बीरगावचा, अकरा वर्षांपासून स्टोअर सांभाळणारा. मालाची खोली, कपाटं आणि किल्ली त्याच्याकडे. त्याचा गुन्हा काय, तर तो कमी बोलायचा. काही विचारलं की ‘हव’, म्हणजे हो, एवढंच म्हणायचा आणि कामाला लागायचा. चहाच्या वेळी चार माणसं हसत असली तर हा आपला खोक्यावर बसून चहा पीत राहायचा. प्रेमलाताईंच्या मते जो माणूस इतकं कमी बोलतो त्याच्या मनात काहीतरी शिजत असलंच पाहिजे. अकरा वर्षांत काहीच शिजून बाहेर आलं नव्हतं, पण बाईंनी वाट बघणं सोडलं नव्हतं. स्टोअरमध्ये गेल्या की त्या नग दोनदा मोजायच्या, आणि शंकरला दिसेल असे मोजायच्या.

आणि मग पराग आला.

बाईंचं माहेर पुलगावचं. लग्न होऊन रायपूरला आल्या त्याला एकतीस वर्षं झाली होती. नवरा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत होता, तो जाऊन चार वर्षं झाली. नवरा होता तोवर घरात मराठी होती. आता भाजी छत्तीसगढीत, काम हिंदीत, आणि विशालला आईचं मराठी सगळं कळायचं पण उत्तर यायचं ते हिंदीतूनच. दिवसदिवस बाईंच्या तोंडून आपल्या बोलीतला एक शब्द निघत नसे. यशवंतराव मराठी होते खरे, पण ते मालक. त्यांच्याशी बोलायचं ते कामापुरतं.

अशात नागपूरहून एक तिशीचा माणूस सुटे भाग विकायला आला आणि टेबलासमोर उभा राहून म्हणाला, “मावशी, तुमी पुलगावच्या ना? माझी आजी बी तिथलीच हाय. स्टेशनच्या मागं घर होतं आमचं.”

बाईंच्या हातातला कापूस तसाच राहिला. पुढचा तासभर कुठली गल्ली, कुठली शाळा आणि कोण कोणाचं कोण हेच चाललं. पराग बोबडेचा पहिला माल त्यांनी नेमाने तपासला, तो खणखणीत निघाला. दुसरा तपासला, तोही तसाच. तिसऱ्या खेपेला तो माल घेऊन आला तेव्हा सोबत भिवापुरी मिरचीचं घरी कुटलेलं तिखट होतं, आईने मावशीसाठी दिलेलं. बाईंनी ते घरी नेलं आणि सरळ बरणीत ओतलं. पेला नाही, पाणी नाही. आणि मालाच्या पुड्याकडे बोट करून त्या परागला हसत म्हणाल्या, “आता तुहा माल काय तपासू बाप्पा? तू तं घरचा.”

त्या दिवसापासून परागचे पुडे बंदच्या बंद स्टोअरमध्ये जायचे. पत्रकावरचे रकाने बाई भरायच्या, कारण रकाने रिकामे ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पाय बघितले, ठीक. कापूस फिरवला, ठीक. एक नग फोडला, ठीक. खाली सही. दीड वर्षं हे चाललं, आणि खरी गंमत म्हणजे त्यांना एकदाही असं वाटलं नाही की आपण काही खोटं करतोय. घरच्या माणसाला तपासणं हाच त्यांना अपमान वाटत होता.

या वर्षी होळीनंतर कार्डं परत येऊ लागली. पहिलं आलं तेव्हा यशवंतरावांनी मिलवाल्यांवर ढकललं, तुमचंच व्होल्टेज खराब म्हणून. दुसऱ्याच्या वेळी त्यांनी निमूट नवं कार्ड दिलं. तिसरं कार्ड सिलतऱ्याहून एका फोरमनने स्वतः आणून दिलं. चार टनांची सळ्यांची मोळी हवेत होती, तिला थांबायला सांगितलं आणि ती थांबली नाही. दीड हात खाली सरकली. क्रेनवाल्याने लाल बटण दाबलं म्हणून अडकली. खाली दोन माणसं उभी होती. फोरमन हे सांगताना बसला नाही आणि पाणीही प्यायला नाही.

तिन्ही कार्डांवर एकच भाग जळला होता, तीन पायांचा मॉस्फेट. ब्रेकला वीज देणारी आणि तोडणारी ही तोटी; वीज तुटली की ब्रेक लागतो. ती आतून वितळून चिकटली की वीज तुटत नाही आणि ब्रेक उघडाच राहतो. प्रेमलाताईंनी जळका नग पकडीत धरून फोडला. आत चकती होती मसुराच्या डाळीएवढी, असायला हवी होती बोटाच्या नखाएवढी.

“खोटा हाय,” त्या म्हणाल्या.

“पण तुमी तं पास केला होता,” यशवंतराव म्हणाले. आवाजात आरोप नव्हता, नुसतं कोडं होतं.

आणि इथे प्रेमलाताईंच्या डोक्यात जे झालं ते त्यांच्यासारख्या माणसाच्याच डोक्यात होऊ शकतं. माल परागचा, म्हणजे माल चांगलाच आला. पास आपण केला, म्हणजे चांगलाच आत गेला. मग खोटा झाला कुठे? टेबल आणि कार्ड यांच्यामध्ये एकच जागा होती, स्टोअर. पाणी कुठे मुरतंय हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं. अकरा वर्षं जे दिसेल म्हणून डोळ्यात तेल घालून बसल्या होत्या ते अखेर दिसलं, आणि त्यांना थोडं बरंच वाटलं.

“कोणी बदलवून राहिलं,” त्या म्हणाल्या. “चांगला माल काढाचा, बाहेर विकाचा, अन् त्याच्या जागी हा कचरा ठेवाचा. किल्ली कोणाजवळ हाय, तुमीच सांगा.”

यशवंतरावांना पटलं नव्हतं, पण फोरमन समोर उभा होता आणि त्याला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. शनिवारी सुट्टी झाली तेव्हा गेटपाशी सगळ्यांच्या देखत शंकरचा झोला तपासायचा ठरला. तपासायला बाईच पुढे झाल्या. झोल्यातून काय निघालं, तर डबा, डब्यात उरलेला भात आणि चेचची पालेभाजी, एक कंगवा, बायकोच्या औषधाची चिठ्ठी आणि दोरीने बांधलेला चष्मा. बाईंनी डब्याचं झाकण उघडून भाताखालीही बोट घातलं. शंकर बघत होता. त्याने एक शब्द काढला नाही, आणि न बोलणं हा तर त्याच्याविरुद्धचा जुना पुरावाच होता.

“किल्ली दे दो,” यशवंतराव त्याच्याकडे न बघता म्हणाले. “सोमवार दस बजे आना. तब तक सोच के बताता हूँ.”

काय सांगणार ते गेटवरच्या प्रत्येकाला कळलं होतं. चोरीचा डाग लागून नोकरी सुटलेल्या माणसाला त्या पट्ट्यात दुसरं कुणी स्टोअरची किल्ली देत नाही. पन्नाशीला आलेल्या शंकरला फार तर कुठे हमाली मिळाली असती. शंकरने किल्ली टेबलावर ठेवली, झाकण परत डब्यावर लावलं आणि सायकल घेऊन निघून गेला.

रविवारी बाई घरी हे सगळं विशालला सांगत होत्या. जिंकल्यासारखंच सांगत होत्या, तरी आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा होता. विशाल एका बँकेत आहे, त्याला आईचं हे पुराण पाठ झालेलं. तो जेवत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “भात के नीचे उंगली डाली तुमने?”

“मंग? तिथंच लपवते लोकं.”

“आई, तुम सबका मिर्ची पावडर पानी में डालती हो. पराग भैया वाला कभी डाला?”

“त्याचं काहून टाकाचं? तो घरचा...”

वाक्य तिथेच अडकलं. विशालने काही ताणलं नाही, तो ताट उचलून गेला. बाई उठल्या, बरणी काढली, पेल्यात पाणी घेतलं आणि चिमूट टाकली. दहा मिनिटं बसल्या. तिखट अस्सल होतं. पाण्यावर तरंगलं, तळाशी काही नाही. बाईंना हायसं वाटलं, पण क्षणभरच. कारण तिखट खरं आहे हे त्यांना दीड वर्षांत आज पहिल्यांदा कळलं होतं. आणि मालाबद्दल त्यांना अजूनही काहीच माहीत नव्हतं.

सोमवारी साडेआठलाच त्या वर्कशॉपात पोहोचल्या. चौकीदाराकडून किल्ली घेऊन स्टोअर उघडलं. खोली लख्ख होती. प्रत्येक खोक्यावर शंकरच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी, कोणता माल कुठल्या तारखेला आला आणि कुठल्या कार्डातून कुठल्या मिलला गेला. परागचे तीन पुडे वरच्या फळीवर होते. तिन्ही बंद, त्याच्या तपकिरी चिकटपट्टीने गुंडाळलेले, पट्टीवर त्याच्या दुकानाचा शिक्का. पट्टी कुणी उचकटून परत लावली असती तर शिक्का फाटला असता. बाईंनी भिंगातून चारी बाजू पाहिल्या. कुठेही फट नव्हती. नागपूरहून निघाल्यापासून त्या पुड्यांना आतून कुणाचाच हात लागला नव्हता.

त्यांनी एक पुडा फोडला, एक नग टेबलावर घेतला आणि कापूस फिरवला. कापूस काळा झाला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. रंगाच्या खालून घासल्याचे ओरखडे निघाले. पायांच्या टोकांना जुन्या डागाची चमक होती. चौथा नग पकडीत धरला. फोडला. मसुराची डाळ.

पण पहिल्या झटक्यात त्यांच्या मनात आला तो शंकर नव्हता, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा मनात आलं की खोलीत आपल्याशिवाय कुणी नाही. तीन पुडे पिशवीत घालायचे, घरी जाताना खारून नदीत टाकायचे. पराग पुन्हा येईल तेव्हा त्याला दम द्यायचा. पत्रकं सगळी भरलेली आहेत, सही आहे, उमाठेबाईंवर बोट कोण ठेवणार? एकोणीस वर्षांचं नाव. ते गेलं तर त्यांच्याकडे काय उरणार होतं? खरंतर पिशवी त्यांनी हातात घेतलीसुद्धा. मग नजर फळीवरच्या त्या चिठ्ठ्यांवर गेली. परागचा माल गेलेली कार्डं किती, हे तिथे ओळीने लिहिलेलं होतं. एकेचाळीस. त्यांतली तीन परत आली होती. म्हणजे अडतीस कार्डं या घडीला कुठे ना कुठे माणसांच्या डोक्यावर लोखंड धरून उभी होती. बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि यशवंतरावांना फोन लावला.

ते पाऊण तासात आले. काळा कापूस बघितला, फुटका नग बघितला आणि खुर्चीत बसून राहिले.

“पण प्रेमलाताई, तपासणीत हे कसं निसटलं?”

“निसटलं नाई,” बाई म्हणाल्या. “म्या तपासलाच नाई. दीड वर्षापासून त्याचा एकबी पुडा तपासला नाई. नुसती सही करून राहिली होती.”

यशवंतरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू कुणी अनोळखी बाई समोर बसलीय. पण बोलायला वेळ नव्हता. शंकरच्या चिठ्ठ्या समोर ठेवून त्यांनी एकेका मिलला फोन लावायला सुरुवात केली, क्रेन थांबवा, कार्ड बदलून देतो. अकरा ठिकाणी फोन गेले. शिव्या खाल्ल्या. दहाच्या आत अडतीसच्या अडतीस क्रेन बंद झाल्या होत्या. मग त्यांनी बाईंच्याच फोनवरून परागचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“मावशी, जय गजानन! आज सकाळी सकाळीच?” पराग म्हणाला.

बाईंनी सांगितलं. पलीकडे त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतल्याचा आवाज आला.

“मावशी, आईची शपथ, मी पुडे उघडत बी नाई. दिल्लीवाल्याकडून येते, वरतून आमची पट्टी लावतो अन् तसाच तुमच्याकडं पाठवतो. मले वाटे, खराब असन तं तुमी पकडसानच. तुमी तं सारं तपासता.”

“तुहा नाई तपासला.”

“काहून?” परागने विचारलं. आणि त्याला खरोखरच कळत नव्हतं.

“तू आपला म्हून.”

मग पराग हळूच म्हणाला, “मावशी, मी तं भिलाई अन् बिलासपूरले तुमचंच नाव सांगून माल देऊन राहिलो. रायपूरच्या उमाठे मावशीनं पास केला म्हणतो. मंग कोणीच काही विचारत नाई.”

यशवंतरावांनी कपाळावर हात मारून घेतला. बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. त्या कशाबशा म्हणाल्या, “तिथंबी आत्ताच्या आत्ता फोन लाव. अन् ते पुलगावची आजी, ते बी खोटीच का रे?”

“नाई मावशी, ते खरीच हाय,” पराग कळवळून म्हणाला. “दुपारी घरी गेलो का तिले फोनवर बोलवून देऊ?”

बाईंनी फोन बंद केला. आजी खोटी असती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. मग निदान आपल्याला कुणीतरी फसवलं असं तरी म्हणता आलं असतं.

दहा वाजून गेले होते. खिडकीतून गेट दिसत होतं. शंकर आला होता, पण आत आला नव्हता. धुतलेला शर्ट घालून गेटच्या बाहेर सायकल धरून उभा होता.

यशवंतराव उठत म्हणाले, “मी सांगतो त्याले. मालात गडबड निघाली, गैरसमज झाला, किल्ली घे म्हणतो. तुमच्या सहीचं कायले काढाचं? पोराटोरांपुढं तुमचा मान राह्यला पाह्यजे. तुमाले पुढं काम कराचं हाय इथं.”

मालक चांगला माणूस होता आणि सल्लाही प्रेमाचा होता. बाईंना तो घ्यावासा वाटला, अगदी मनापासून वाटला. पण शनिवारी त्यांनी भाताखाली बोट घातलं तेव्हा सगळी माणसं बघत होती, आणि गैरसमज झाला एवढ्याने त्या सगळ्यांच्या मनातून ते जाणार नव्हतं. कुणी ना कुणी म्हणतच राहिलं असतं की मालकाने दया दाखवली. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण शंकरबद्दल असं बोलणाऱ्या त्या स्वतःच असायच्या.

त्या अंगणात गेल्या, सगळ्यांना कामावरून उठवून बोलावलं आणि शंकरला आत यायला सांगितलं. तो सायकल बाहेर लावून आला. बाईंची हिंदी अशीतशीच, एकतीस वर्षं झाली तरी. पण त्या बोलल्या. बोलल्या की शंकरने काहीच बदललं नाही. खोटा माल बंद पुड्यातच आला होता. तो माझ्या ओळखीच्या माणसाचा होता म्हणून मी तपासला नाही आणि तपासला म्हणून सही केली. दीड वर्षं केली. ती दोन माणसं मेली असती तर माझ्या सहीने मेली असती. आणि चोर मी शंकरला म्हटलं. चिठ्ठ्या त्याने नीट ठेवल्या नसत्या तर आज कार्डं कुठे आहेत हेसुद्धा कळलं नसतं. उद्यापासून माझ्या सहीखाली दुसऱ्या कुणाची तरी सही लागावी, ही माझीच मालकांना विनंती आहे. शेवटी त्यांनी शंकरपुढे हात जोडले. “गलती मेरी थी, भैया.”

या अकरा वर्षांत त्यांनी त्याला भैया म्हटलं नव्हतं.

यशवंतरावांनी किल्ली पुढे केली, शंकरने घेतली. तो स्टोअरकडे वळला, दोन पावलं गेला आणि परत फिरून बाईंसमोर येऊन उभा राहिला. आवाजात राग नव्हता. एखाद्या खोक्याचा नंबर विचारावा तसं त्याने विचारलं.

“दीदी, उस पुड़े में माल असली निकलता, तो?”

पुडा खोटा निघाला म्हणून शंकर खरा ठरला होता. पुडा खरा असता तर तो या क्षणी सायकल ढकलत बीरगावला परत चालला असता, आणि त्या आपल्या टेबलाशी बसून कापूस फिरवत असत्या, निश्चिंत मनाने. त्याच्या अकरा वर्षांचं वजन त्यांनी कधी धरलंच नव्हतं. काहीतरी गोड बोलावं असं ओठापर्यंत आलं. पण आज सकाळपासून त्या खरंच बोलत होत्या, आता मध्येच खोटं बोलवेना.

“तो मैं तुमको चोर ही बोलती रहती,” त्या म्हणाल्या.

शंकरने मान हलवली.

“हव,” तो म्हणाला. “मुझे भी यही लगा था.”

आणि स्टोअर उघडून तो कामाला लागला.